वाचकांचे प्रश्न : जुने घर पाडण्याआधी

प्रश्न : सातारच्या शनिवार पेठेत आमचा दुमजली मातीचा वाडा आहे. तो पाडून नवे बांधायचे आहे. पूर्वेची भिंत शेजाऱ्यांशी सामायिक आहे. जेसीबी लावून दोन दिवसांत जागा मोकळी करून देतो, असे ठेकेदार म्हणतो. शेजारच्या काकूंना मात्र भीती वाटते. काय करावे?

उत्तर : काकूंची भीती रास्त आहे. पाडकामात लोकांचे लक्ष खाली येणाऱ्या भागाकडे असते, पण घात होतो तो उभ्या राहिलेल्या भागामुळे. तुमच्या सामायिक भिंतीत दोन्ही घरांच्या तुळया बसलेल्या असणार. तुमचा माळा आणि छत त्या भिंतीला आडवा आधार देत आहेत. तो काढला की वीस फुटी भिंत एका बाजूने उघडी पडते आणि शेजारच्या माळ्याच्या जिवावर उभी राहते. अशा भिंतीला जेसीबीचा नुसता धक्का लागला तरी पलीकडची तुळई खोबणीतून सुटू शकते.

पहिले काम कागदाचे. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या घरातली प्रत्येक भेग बघा, तारखेसह फोटो काढा आणि दोघांनी सह्या करा. मोठ्या भेगांवर काचेची अरुंद पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काम चालू असताना सकाळ-संध्याकाळ ती पाहायची. काच तडकली की भिंत हलली. काम तिथेच थांबवा, शेजाऱ्यांना त्या खोल्यांतून बाहेर काढा आणि इंजिनिअरला बोलवा.

मग ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) लावून भिंत सरळ उभी आहे का ते बघा. भिंतीच्या माथ्याचा मध्य पायथ्याच्या रुंदीच्या मधल्या एक-तृतीयांश भागाबाहेर पडत असेल, किंवा भिंतीला पोट आले असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सूचनेशिवाय पहारसुद्धा लावू नका. जुन्या दगडी भिंती बऱ्याचदा दोन पडद्यांच्या असतात. बाहेर दगड, आत दगड आणि मधे मातीची भर. दोन्ही पडद्यांना बांधणारे आरपार दगड कमी असले तर एकच पडदा सुटून कोसळतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात हेच घडले. पाडकामाच्या हादऱ्यानेही घडू शकते.

टेकू माळा काढण्याआधी लागले पाहिजेत, नंतर नव्हे. भिंतीला उभी जाड फळी, त्यावर जमिनीशी ६० ते ७० अंशांत तिरका वासा, खाली पक्की बैठक. साधारण दर तीन मीटरला एक टेकू धरा, नेमकी जागा इंजिनिअरने ठरवावी. बैठक सैल मातीवर ठेवली तर पहिल्याच पावसात टेकू खचतो.

उतरवायचे वरून खाली, बांधले त्याच्या उलट क्रमाने. कौले दोन्ही पाखांवरून सारख्या प्रमाणात काढा. एक पाखा रिकामा आणि दुसरा भरलेला राहिला की कैची (छप्पर पेलणारी लाकडी चौकट) कलते. सामायिक भिंतीतली तुळई ओढून काढू नका. आधी तिच्याखाली टेकू द्या, मग भिंतीपासून सहा इंचांवर करवतीने कापा आणि टोक भिंतीतच राहू द्या. सामायिक भिंतीला काटकोनात येणाऱ्या तुमच्या भिंती मुळापर्यंत काढू नका, तीन-चार फुटांचे तुकडे धिरा, म्हणजे आधार, म्हणून ठेवा. सामायिक भिंतीवर ब्रेकर (ठोके देऊन फोडणारे यंत्र) चालवायचा नाही, आणि तिच्याजवळचा राडारोडा हातानेच काढायचा. मातीची उभी भिंत पाण्याने भिजवायचीही नाही. धूळ बसवायला पाणी मारायचे ते खाली पडलेल्या मलब्यावर.

बाकीच्या भिंती गवंड्यांनी माणसाच्या उंचीपर्यंत उतरवल्यावर जेसीबी आणा. उंच भिंतीच्या बुडाला बकेट लावून ती पाडणे हा सगळ्यात घातक प्रकार आहे, कारण भिंत कुठे पडेल ते ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. माणसांना भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतराबाहेर ठेवा. पेठेतल्या बोळात तेवढी जागा मिळणार नाही, म्हणूनच तिथे हाताने उतरवणे भाग आहे.

नव्या पायाचा चर सामायिक भिंतीलगत एका दमात खोदू नका. एक-सव्वा मीटरचे तुकडे करा आणि एक आड एक खोदून भरत जा. उघड्या पडलेल्या मातीच्या भिंतीवर ताडपत्री आणि माथ्यावर सिमेंटचा पातळ थर पावसाआधी हवाच. काम दिवाळीनंतर सुरू करून मे अखेर संपवावे. एकटी उंच भिंत अर्धवट सोडून रात्री घरी जाऊ नका. कोयना परिसरात अजूनही लहान धक्के बसतात, आणि वाऱ्याचा एक जोराचा झोतसुद्धा पुरतो.

प्रश्न : कराडला आमची दुमजली आरसीसी इमारत पाडायची आहे. वरचा स्लॅब फोडून राडारोडा तिथेच साठवू आणि शेवटी ट्रॅक्टर लावू, असे मुकादम म्हणतो. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून केलेला असतो. काँक्रीट-विटांचा राडारोडा एक फूट साठला की तिथे सुमारे ४५० किलो बसतात. एक ब्रास (शंभर घनफूट) राडारोडा म्हणजे जवळपास चार टन. वर ब्रेकरचे हादरे, आणि तोवर खालच्या भिंतीही कापलेल्या. त्यामुळे मजल्यावर ढीग होऊ द्यायचाच नाही. रोजचा राडारोडा रोज खाली गेला पाहिजे. त्यासाठी स्लॅबमध्ये एक झरोका ठेवा, खालची जागा पत्रे लावून बंद करा आणि राडारोडा टाकताना तिथे कोणी जाणार नाही यासाठी एक माणूस शिट्टीसह उभा ठेवा. ब्रेकर चालतो त्याच्या खालच्या स्लॅबला लोखंडी जॅक (उंची कमी-जास्त करता येणारे टेकू) द्या.

स्लॅबच्या मुख्य सळया बहुधा आखूड बाजूने असतात. त्याच दिशेने पट्ट्या पाडा. आडव्या पट्ट्या पाडल्या तर सळया मधेच तुटतात आणि पट्टी माणसासकट खाली जाते. काँक्रीट फोडून झाल्यावर सळया शेवटी कापायच्या.

सज्जा आणि गॅलरीकडे विशेष लक्ष द्या. त्यांचे लोखंड वरच्या अंगाला असते, आणि त्यांना मागचा स्लॅब किंवा वरची भिंत दाबून धरते. मागचे वजन आधी काढले की सज्जा उलटतो. म्हणून सज्जाला खालून जॅक लावून तो आधी फोडा, मग त्याच्या वरची भिंत.

सेफ्टी बेल्ट दिला की झाले, असे नाही. तो कशाला बांधलाय ते बघा. पाडायच्या भिंतीच्या खिडकीच्या गजाला बांधलेला बेल्ट माणसाला भिंतीबरोबर खाली नेतो. हूक परांचीला किंवा शेवटी पाडायच्या कॉलमला बांधलेल्या दोरालाच लागला पाहिजे.

प्रश्न : हरिपूरला (सांगली) जुन्या घराच्या परड्यात हळदीचे पेव (हळद साठवायची जमिनीखालची खोल कोठी) आहे असे वडील सांगत. तोंड कुठे आहे, ते कळत नाही. मशीन आणायचे आहे.

उत्तर : पेवाचे तोंड लहान आणि पोट मोठे असते. त्यामुळे तोंडापासून चार-पाच फुटांवरची जमीनही पोकळ असू शकते. जेसीबीचे वजन सात-आठ टन असते. आधी पहारीने दर दोन-तीन फुटांवर जमीन ठोकून बघा. पोकळ आवाज येतो, पहार सहज आत जाते किंवा पाणी मुरून खड्डा पडतो, ती जागा चुन्याने आखा आणि भोवती रुंद पट्टा मोकळा सोडा. २००५ आणि २०१९ च्या महापुराचे पाणी शिरलेले पेव आतून ढासळलेले असू शकते, तेव्हा वरचा थर घट्ट दिसला म्हणून विश्वास ठेवू नका.

पेवात कोणीही उतरायचे नाही. आतल्या हवेत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. वाचवायला उतरलेला दुसराही पडतो. मैलाटाकी किंवा जुना आड असेल तरी हाच नियम, आणि मैलाटाकीजवळ कंदील, काडी नको, आत पेट घेणारा वायू असतो. सुरक्षित अंतरावरून मशीनच्या हाताने तोंड मोठे करा आणि मुरूम थराथराने भरा.

प्रश्न : महावितरणने मीटर काढून नेला. वीज बंद झाली, असे धरायचे का?

उत्तर : नाही. सर्व्हिस वायर खांबावरून सोडवली आहे का, ते बघा. शेजाऱ्यांची केबल तुमच्या भिंतीवरून जाते का, मागच्या बाजूने दुसरे कनेक्शन, इन्व्हर्टर किंवा सोलर आहे का, हेही तपासा. ब्रेकरसाठी घेतलेल्या तात्पुरत्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावा.

प्रश्न : मिरजेत गोडाऊनचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचे आहेत. हातोड्याने फोडून खाली टाकले तर?

उत्तर : जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतो, आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे अडकतात. पत्रा फोडायचा नाही, ग्राइंडरने कापायचा नाही. शेतातल्या फवारणी पंपाने ओला करा, पत्रा धरणारे वाकडे हूक (जे-बोल्ट) बोल्ट-कटरने कापा आणि अख्खा पत्रा दोरीने उतरवा. पत्र्यावर पाय ठेवू नका, जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. लोखंडी पाइपांवर फळ्या टाकून त्यांवरून काम करा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एफएफपी-३ (बारीक धूळ-तंतू अडवणारा) मास्क हवा. पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवा, बाकी राडारोड्यात मिसळू नका, आणि कुठे द्यायचे ते महापालिकेच्या घनकचरा विभागाला विचारा.