फ्लॉरेन्सजवळचं तटबंदीतलं गाव

प्रश्न : आम्ही फ्लॉरेन्सला जातोय. सासूबाई सोबत आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. तटबंदी शाबूत असलेलं एखादं जुनं गाव त्यांना झेपेल का?

उत्तर : झेपेल, आणि आवडेलही. सिएना शहराजवळच्या मोन्तेरिज्जोनीला जा. फ्लॉरेन्सला अडवायला सिएनाकरांनी १२१३ ते १२१९ या काळात हे गाव टेकडीवर वसवलं. गोलाकार तट, त्यावर १४ बुरूज. इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यात नरकातल्या महाकाय राक्षसांसाठी याच बुरुजांची उपमा वापरली. १५५४ मध्ये मात्र किल्लेदारानेच गाव फ्लॉरेन्सच्या हवाली केलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

वाहनतळ खाली आहे. चढ छोटा असला तरी खडा, म्हणून सासूबाईंना दाराशी उतरवून मग गाडी लावता येईल का, ते तिथे विचारा. आत सगळं सपाट : एक चौक, मधोमध विहीर, बाजूला सांता मारिया आस्सुंताचं साधंसं दगडी चर्च. मला ते चर्च फार आवडतं. आतला गारवा उन्हातून आल्यावर अंगाला जाणवतो. त्यांना तिथे बसवा आणि तुम्ही तिकीट काढून तटावर चढा. पायऱ्या उभ्या आहेत, त्यांना आग्रह करू नका. वरून द्राक्षमळे आणि ऑलिव्हची झाडं दिसतात. दुपारी गर्दी होते, सकाळीच पोहोचा.