मुलीचे दहा शोधनिबंध कोणासाठी?

आपल्या पत्रात मुलीच्या अभ्यासाबद्दल जेमतेम एक ओळ आहे आणि छातीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका अमेरिकी संशोधकाच्या शोधनिबंधांबद्दल पाऊण पान आहे, याची मला काळजी वाटते. मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्या डॉक्टरांच्या शेकडो निबंधांची यादी आपण छापून तिच्या टेबलासमोर लावली आहे, इंटर्नशिप संपेपर्यंत तिच्या नावावर दहा निबंध हवेत असे ठरवले आहे आणि पैसे घेऊन लेखकांत नाव घालून देणाऱ्या एका माणसाशी आपले बोलणेही चालू आहे. तिला छातीच्या वॉर्डातली पोस्टिंग मनापासून आवडते आणि हल्ली ती घरी फारशी बोलत नाही, या दोन गोष्टी मात्र आपण अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्या आहेत. मला सर्वांत महत्त्वाच्या त्याच वाटतात. वॉर्डातून थकून आलेल्या मुलीला घरात शिरताच आपण कोठे कमी पडलो याची यादी दिसत असेल, तर तिने बोलावे तरी काय? ती यादी कृपया आजच काढा.

निबंधांची संख्या आधी ठरवून गाठता येते, हा आपला समज मुळातच चुकीचा आहे. एम्फिसीमाने, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या नष्ट होण्याच्या आजाराने, फुगलेल्या फुप्फुसांचा निकामी भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया घ्या. अमेरिकेतील सेंट लुइस येथील शल्यचिकित्सक जोएल कूपर यांनी 1995 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यामागे अवघे 20 रुग्ण होते. निष्कर्ष उत्साहवर्धक होते, पण ही शस्त्रक्रिया नेमकी कोणाला लाभते आणि कोणाला घातक ठरते हे कळण्यासाठी अमेरिकेतील 17 केंद्रांना 1,218 रुग्णांची चाचणी करावी लागली. त्यात 2001 मध्येच असे दिसले की फुप्फुसांची क्षमता अतिशय खालावलेल्या एका विशिष्ट गटात शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांत 16 टक्के रुग्ण दगावले, तर केवळ औषधोपचार घेणाऱ्या तशाच रुग्णांपैकी त्या काळात कोणीही दगावले नाही. ‘या रुग्णांवर शस्त्रक्रिया करू नका’ असे सांगणारा तो निबंध कोणा एका डॉक्टरच्या नव्हे, तर संपूर्ण संशोधन गटाच्या नावाने छापला गेला. 2003 च्या अंतिम निष्कर्षांत, ज्यांचा आजार मुख्यतः फुप्फुसांच्या वरच्या भागात होता आणि ज्यांची श्रम करण्याची ताकद कमी होती, त्यांचे आयुष्य शस्त्रक्रियेने वाढल्याचे दिसले. आपण छापलेल्या यादीतील एकेका ओळीमागे असे रुग्ण, अशी वर्षे आणि अनेक सहकारी असतात. विशीतल्या विद्यार्थिनीने त्या ओळींशी बरोबरी करावी ही अपेक्षा अन्यायाची आहे.

पैसे देऊन नाव घालण्याबद्दल स्पष्टच सांगतो: ती फसवणूक आहे. जिने तो रुग्ण पाहिला नाही, ती माहिती तपासली नाही, तिने त्या निबंधाची जबाबदारी घ्यायची आणि उद्या तो मागे घेतला गेला तर डाग तिच्या नावावर राहायचा. शिवाय ज्यासाठी हा खटाटोप चालला आहे, ती पदव्युत्तर जागा आपल्याकडे नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतील क्रमांकावर मिळते. तेथे निबंधांना गुण नाहीत. तो व्यवहार थांबवा, आणि तिच्या नावाने काही पाठवले गेले असेल तर ते तिला सांगून मागे घ्या.

एमडी श्वसनविकार, किंवा शल्यचिकित्सेत एमएस करून पुढे छातीच्या शस्त्रक्रियेतील एमसीएच ही पदवी, हे दोन्ही रस्ते तिला ठाऊक असतील आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे तिला आज ठरवण्याची गरज नाही. संशोधनाची ओढ तिची स्वतःची असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन योजना आहे; त्यात आपल्याच महाविद्यालयातील मार्गदर्शकाबरोबर सुमारे दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करता येतो. क्षयरोग बरा झाल्यावरही ज्यांची धाप जात नाही असे रुग्ण तिला वॉर्डात रोज भेटत असतील; त्यांच्याबद्दल तिला एखादा प्रश्न पडला असेल, तर प्रकल्पाला तेवढे पुरेसे आहे. तसा प्रश्न पडला नसेल, तर तिने रुग्ण तपासायला नीट शिकावे आणि निबंधांचा विषय आपण घरात काढू नये. यापुढे मला लिहायचे की नाही, हे तिचे तिला ठरवू द्या. तिने लिहिले तर मी तिलाच उत्तर देईन.