पिल्लाला दूध पाजू नका

गेल्या महिनाभरात आलेल्या बहुतेक पत्रांत हेच चार प्रश्न असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : पिंप्राळ्यात आमच्या दारातल्या निंबावर संध्याकाळी लहानसे घुबड बसते. तो रानपिंगळा असेल का?

उत्तर : बहुधा साधा पिंगळा असावा. १८८४ नंतर बेपत्ता असलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला, पण तो जंगलातला पक्षी आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक दिसतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. तरीही शंका असल्यास छायाचित्र जाणकाराला दाखवावे.

प्रश्न : देवपूरला आमच्या गच्चीवर टिटवीने अंडी घातली आहेत. उंचावर अंडी म्हणजे यंदा भरपूर पाऊस, हे खरे का?

उत्तर : खरे नाही. टिटवीला मोकळी, खडीची जागा हवी असते आणि ती तिला तुमच्या गच्चीवर मिळाली, इतकेच. अंडी हलवू नयेत. पिल्ले जन्मताच चालू लागतात, म्हणून पन्हाळीच्या तोंडाला आजच जाळी लावावी.

प्रश्न : बुलबुलाचे पिल्लू अंगणात पडले होते. दोन दिवस दूध-पोळी दिली, आता ते मान टाकते आहे. काय करावे?

उत्तर : ताबडतोब पशुवैद्यांकडे न्यावे, हे दोन दिवस वाया जायला नको होते. असेच एक पिल्लू माझ्याकडे आले, तेव्हा त्याच्या नाकपुड्या वाळलेल्या दुधाने बुजल्या होत्या. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने चोचीत ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. अंगभर पिसे फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू बहुधा पडलेले नसून उडायला शिकत असते. मांजर-कुत्र्याला दूर ठेवावे आणि आईबाप चारा घेऊन येतात का, हे लांबून पाहावे. उघडे, पिसे नसलेले पिल्लू अलगद घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही ऐकीव गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे किती पिल्ले हकनाक घरात कोंडली जातात! जखमी असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, सावलीत ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे.

प्रश्न : विक्रेता पोपटाच्या पिल्लासोबत कागदपत्रे देतो. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. आपल्याकडचा रानटी पोपट विकणे आणि पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि विक्रेत्याच्या कागदाने तो गुन्हा माफ होत नाही.