आतड्याच्या ऑपरेशननंतर बी१२ ‘२००० पेक्षा जास्त’ आलं, तर इंजेक्शन बंद करावं का?

तुमचा प्रश्न असा: वडील ६१ वर्षांचे, क्रोन्समुळे (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) लहान आतड्याचा शेवटचा ४० सेंटीमीटर भाग सीकमसकट (मोठ्या आतड्याची सुरुवात) काढला, वर्षभर दर महिन्याला बी१२चं इंजेक्शन घेतलं, परवाच्या रिपोर्टमध्ये ‘२००० पेक्षा जास्त’ आलं. आता इंजेक्शन बंद करून आहारावर भागेल का, आणि बाकी कोणती जीवनसत्त्वं बघायची?

बंद करू नका. जन्मभर घ्यायचं आहे. लांबलचक उत्तर लिहायला बसले, कारण अगदी हाच आकडा आमच्या घरात एकदा पेढे वाटल्यासारखा नाचवला गेला होता.

बी१२ जठरात तयार होणाऱ्या इंट्रिन्सिक फॅक्टरला चिकटतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, टर्मिनल इलियममध्ये, रक्तात ओढलं जातं. तो टप्पा गेला की जेजुनम, म्हणजे लहान आतड्याचा त्याच्या वरचा भाग, बाकीची पुष्कळ कामं हळूहळू उचलतं, हे मात्र उचलत नाही. २० सेंटीमीटरपेक्षा जास्त गेलं असेल तर कमतरता दिसायची वाट न बघता १००० मायक्रोग्रॅम दर महिन्याला, कायम, हा रुळलेला नियम आहे. तुमचे ४० गेलेत. हा आकडा सर्जनच्या ऑपरेशन नोटमधून घ्या. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधला कमी असतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये तुकडा आक्रसतो.

आता ते २०००. इंजेक्शन आतड्याला वळसा घालून थेट रक्तात जातं. म्हणजे लॅबने तुम्हीच टोचलेलं मोजलं. सोसायटीच्या टाकीत टँकर ओतायचा, लगेच पातळी बघायची आणि ‘महापालिकेचं पाणी सुरळीत आहे’ म्हणायचं, तसलं हे.

आमच्या मेहुण्यांचं आतडं ५० सेंटीमीटर गेलं होतं. पहिलं वर्ष इंजेक्शनं नीट झाली. मग इंजेक्शननंतर नवव्या दिवशी रक्त दिलं, २००० च्या वर आलं, आणि नात्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी निकाल दिला, ‘आता जास्त होतंय, विष होईल.’ बी१२ पाण्यात विरघळतं, जास्तीचं लघवीतून जातं, हे मी सांगितलं. पण मी काय, औषधांच्या काउंटरमागे आयुष्य काढलेली बाई. इंजेक्शनऐवजी नाचणीचं आंबील, ताक आणि स्पायरुलिनाच्या गोळ्या सुरू झाल्या. स्पायरुलिनात असतं ते बहुतांशी नकली बी१२. रेणू दिसायला तसाच, शरीराला निरुपयोगी. वर ‘रक्त वाढावं’ म्हणून लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी.

शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅम बी१२ साठलेलं असतं, म्हणून वर्ष-दोन वर्षं काहीच होत नाही आणि गृहस्थ जिंकल्यासारखे वावरतात. तिसऱ्या वर्षी मेहुण्यांच्या तळपायांना मुंग्या. मग बेसिनपाशी साबण लावून डोळे मिटले की तोल जायला लागला. हे लक्षण पाठ करून ठेवा. पाय कुठे आहेत हे सांगणारी मज्जारज्जूतली वाट बिघडली की माणूस डोळ्यांवर उभा राहतो, आणि डोळे मिटले की डुलतो. सगळ्यांनी कंबरेला दोष दिला, एमआरआय झाला, पट्टा आला. हिमोग्लोबिन १२.८ होतं, म्हणून बी१२चा संशयच कुणाला आला नाही. ते हिमोग्लोबिन फॉलिक ॲसिडने सांभाळलेलं होतं. फॉलिक ॲसिड रक्ताची बाजू सावरतं, नसांची नाही, म्हणून फॉलिक एकटं कधीच सुरू करायचं नाही. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, तोही नॉर्मल होता, कारण लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या, आणि दोन्ही कमी असलं की सरासरी सरळ दिसते. शेवटी बी१२ मोजलं, ११८, म्हणजे फारच कमी.

मग एक दिवसाआड १००० मायक्रोग्रॅम, कित्येक आठवडे, नंतर महिन्याला एक. रक्त दोन महिन्यांत सुधारतं, नसांना सहा महिने-वर्ष लागतं, आणि उशीर झाला असेल तर सगळं परत येत नाही. मेहुण्यांच्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. इंजेक्शन मात्र आता दर संकष्टीला घेतात. तारीख विसरते, चंद्रोदय कोण विसरतो!

‘आहारातून’ म्हणता, तर दारच काढल्यावर अंडी-मटणानेही भागत नाही, दूध-ताकाचं सोडाच. पुण्यात मुळात साठाच तुटपुंजा असतो. इथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं (२००६ मध्ये प्रसिद्ध झालं), तर सुमारे दोन तृतीयांशांत बी१२ कमी निघालं, आणि सगळ्यात जास्त शहरी मध्यमवर्गात. त्यामुळे ‘साठा दोन ते पाच वर्षं पुरतो’ हे पुस्तकातलं वाक्य आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला लागू धरू नका.

गोळी चालते का? हिशोब करा. इलियमशिवायही, नुसतं झिरपून, साधारण १ टक्का शोषलं जातं. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून १० मिळतात, दिवसाची गरज दोन-अडीच. म्हणजे रोज न चुकता घेतली तर भागतं. पण बी-कॉम्प्लेक्सच्या साध्या गोळीत दहा-पंधरा मायक्रोग्रॅम असतं, त्याचा १ टक्का म्हणजे काहीच नाही. शिवाय जुलाब लागलेल्या आठवड्यात गोळी किती टिकते कोण जाणे. लांब प्रवासात गोळी ठीक, एरवी इंजेक्शन.

अँप्यूलवर ५०० लिहिलंय की १००० ते वाचा. १ मिलीच्या दोन्ही मिळतात, आणि महिन्याला एक ५०० ची घेऊन ‘चालू आहे’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. लाल द्रव, तपकिरी काच. मिथाइलकोबालामिन उजेडाने खराब होतं, म्हणून खोक्यातच ठेवा. बी१-बी६ मिसळलेली ‘नसांची’ इंजेक्शनं आणि गोळ्या वर्षानुवर्षं नकोत. बी६ जास्त झालं तर त्यानेच मुंग्या येतात, आणि मग आणखी बी६ दिलं जातं.

तपासायचंच असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी तपासा. शंका राहिली तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन बघा, बी१२ कमी पडलं की हे दोन्ही रक्तात वाढतात. होमोसिस्टीनचं रक्त मात्र बर्फात ठेवून तासाभरात लॅबच्या यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात. घरून नेलेली नळी स्कूटरच्या डिकीतून सिंहगड रस्त्याच्या गर्दीत दोन तास हिंडली तर आकडा खोटा चढतो. फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडच) आपोआप जास्त आणि बी१२ कमी आलं, तर लहान आतड्यात जंतू वाढलेत का ते विचारा. सीकमबरोबर लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप गेलेली असते, आणि ते जंतू बी१२ खातात, फोलेट बनवतात.

बाकीचं थोडक्यात. डी जीवनसत्त्व: रक्तातलं २५-हायड्रॉक्सी (डीची तपासणी) मोजून मग ६०,००० युनिटची साशे, जेवणानंतर दुधातून. ‘आठवड्याला एक’ हे आठ आठवड्यांसाठी लिहिलेलं असतं, आठ वर्षांसाठी नाही. हे चरबीत साठतं, इथे विष होऊ शकतं. लोह: आतड्याला सूज असेल तर फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारा आकडा) १०० च्या खाली म्हणजेही कमी, तेव्हा सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी तपासणी, सोबत बघा. हिमोग्लोबिन १० च्या खाली आणि आजार जागा असेल तर शिरेतून लोह, गोळ्यांनी पोट बिघडतं. जुलाब चालू असतील तर झिंक आणि मॅग्नेशियम जातं. झिंक महिनोन्महिने घेतलं की तांबं उतरतं, आणि तांब्याच्या कमतरतेनेही नेमका तसाच तोल जातो. पित्तक्षार नीट न शोषले गेल्याने होणाऱ्या जुलाबांसाठी कोलेस्टिरामिनची पावडर दिली असेल, तर बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी, नाहीतर ए, डी, ई, के तिच्याबरोबर बाहेर. संडास तेलकट, तरंगणारी होत असेल तर मुतखड्याचीही भीती असते, कारण चरबी कॅल्शियमला धरते आणि मोकळं ऑक्झलेट शोषलं जातं. पालक आणि अळूचं फदफदं जपून, कॅल्शियम जेवणाबरोबर, शक्यतो सायट्रेट. सस्टेन्ड रिलीजच्या गोळ्या आखूड आतड्यातून कधी कधी जशाच्या तशा बाहेर पडतात, साध्या मागा.

आता हे आधी लिहायला हवं होतं: ज्यांचं फक्त मोठं आतडं काढलंय आणि इलियम निरोगी आहे, त्यांना यातलं बी१२ प्रकरण बहुतेक लागू नाही. क्षयाच्या गाठीसाठी सीकम-इलियम काढलेल्यांना मात्र लागू आहे, त्यांना कुणी सांगत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर स्नायूत न टोचता कातडीखाली द्यायला सांगा. आणि वडील केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. त्यानेही काही लॅबमध्ये बी१२ आणि डी खोटंच जास्त दिसतं.