प्रोसेसर निवांत, तरी सर्व्हर कासवगतीने

प्रश्न : आमच्या सीए फर्मच्या एकाच सर्व्हरवर हायपर-व्हीखाली (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली) तीन व्हर्च्युअल मशीन आहेत : डोमेन (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारं), फाइल सर्व्हर आणि टॅली. डिस्क 7200 आरपीएमच्या दोन, रेड-1 मध्ये (दोन्हींवर तोच डेटा). रिटर्नच्या दिवसांत सगळं अडकतं, पण प्रोसेसर 10 टक्क्यांवरही जात नाही. नवा प्रोसेसर घ्यावा का?

उत्तर : अजिबात नको. अशी एक डिस्क सेकंदाला जेमतेम 75 ते 100 विखुरलेली वाचनं-लेखनं करते. रेड-1 मुळे वाचनाला थोडा हात मिळतो. लिहायचं मात्र दोन्ही डिस्कवर असतं, म्हणजे वेग एकीचाच. त्यावर तीन बिऱ्हाडं. होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर उघडा आणि ऐन गर्दीच्या वेळी डिस्कचा सरासरी प्रतिसाद बघा. तो सतत 20 मिलिसेकंदांच्या वर असेल तर दुखणं तिथेच आहे. पैसे सर्व्हरसाठी बनवलेल्या दोन एसएसडींवर घाला. लॅपटॉपच्या स्वस्त एसएसडी नकोत. वीज गेल्यास डेटा सांभाळणारे कपॅसिटर त्यांत सहसा नसतात आणि डेटाबेसच्या सततच्या लेखनाला त्या दमतात.

आणि हो, रेड कार्डाला (डिस्कची ही जोडी सांभाळणाऱ्या कार्डाला) बॅटरी असेल तर ती आधी तपासा. बॅटरी मेली की बरीच कार्डं लेखनाची कॅश (लिहायचा डेटा क्षणभर धरून ठेवणारी वेगवान मेमरी) आपणहून बंद करतात. महिनाभर टॅलीला शिव्या घातल्यावर दोषी ही बॅटरी निघाल्याचं मी पाहिलं आहे.

प्रश्न : प्रोसेसर 8 कोरचा. तिन्ही मशीनना 8-8 कोर दिले तर?

उत्तर : सगळ्यांना एकदम काम आलं की रांग लागते. दोन-दोनपासून सुरुवात करा. ज्या मशीनला खरंच कमी पडतील तिलाच वाढवा. हायपर-थ्रेडिंगमुळे (एका कोरचे दोन भासवणारी सोय) दिसणारे 16 हे 16 कोर नव्हेत.

प्रश्न : 32 जीबी रॅम आहे. डायनॅमिक मेमरी (गरजेप्रमाणे मशीनची रॅम कमी-जास्त करणारी सोय) चालू ठेवू?

उत्तर : फाइल सर्व्हरला चालेल. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) असेल तर त्या मशीनला ठरावीक रॅम द्या आणि एसक्यूएललाही कमाल मर्यादा घाला, नाहीतर तो मिळेल तेवढी खातो. होस्टसाठी 4 जीबी राखून ठेवा.

प्रश्न : दिवाळीत अपडेटआधी घेतलेला चेकपॉइंट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) अजून तसाच आहे. बॅकअप म्हणून राहू द्यावा का?

उत्तर : तो बॅकअप नाही. तेव्हापासूनचं सगळं लेखन एका वेगळ्या फाइलीत साठतंय. ती फुगतेय आणि डिस्क भरली तर मशीन थांबेल. आधी खरा बॅकअप घ्या, मग हायपर-व्ही मॅनेजरमधूनच चेकपॉइंट काढा, तोही रात्री, कारण ती फाइल मूळ फाइलीत विलीन होताना डिस्क चांगलीच राबते. ती फाइल एक्सप्लोररमधून हाताने उडवलीत, तर दिवाळीनंतरचं सगळं काम गेलंच म्हणून समजा.