काळ्या मातीत चुना मिसळला तर गोदामाचा पाया टिकेल का?

निफाडकडच्या काळ्या मातीच्या प्लॉटवर गोदाम आणि ट्रकसाठी आवार करायचंय, कंत्राटदार म्हणतो चुना मिसळू, चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिक भागात साइटची कामं बघतो, त्यावरून सांगतो. आवाराला बेलाशक चालेल. गोदामाच्या पायाचं मात्र नुसत्या चुन्यावर भागणार नाही. चुना वरच्या 30 सेंटिमीटरच्या थरात मिसळतो. खालची माती उन्हाळ्यात भेगाळणार आणि पावसाळ्यात फुगणारच. पाया मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल लागला तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, करा.

आता चुना कोणता? सगळी गडबड इथेच होते. "आमच्या जमिनीत आधीच चुनखडी आहे," असं बरेच जण म्हणतात. ती कॅल्शियम कार्बोनेट. तिचा इथे उपयोग नाही, मग ती जमिनीतली असो की पूड करून गोणीत भरलेली. द्राक्षांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला लागतो तो कळीचा चुना किंवा विरवलेला चुना हवा, तोही ताजा. उघड्या गोणीत महिनोन्महिने पडलेला चुना हवा खाऊन पुन्हा कार्बोनेट होतो.

खरा चुना मिसळला की फरक हाताला कळतो. बोटांना चिकटणारा गोळा तासाभरात रवाळ होऊन सुटायला लागतो, कारण चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवर जाऊन बसतं. ताकद नंतर येते. सामू (pH) 12 च्या वर गेला की मातीतली सिलिका सुटून चुन्याशी जुळते आणि सिमेंटसारखा बंध तयार होतो. त्याला आठवडे, महिने लागतात.

काळ्या मातीला बहुधा कोरड्या वजनाच्या 4 ते 6 टक्के चुना लागतो. 30 सेंटिमीटर थराला 5 टक्के धरला तर चौरस मीटरमागे 22-23 किलो, म्हणजे 25 किलोची जवळपास एक गोणी. तरी नेमका आकडा प्रयोगशाळेतूनच घ्या. मातीत सल्फेट किती तेही तपासून घ्या. जास्त असेल तर चुन्यामुळे माती उलट फुगते.

चुना पसरून रोटाव्हेटर मारा, पाणी मारा, एक-दोन दिवस मुरू द्या, पुन्हा रोटाव्हेटर आणि मग रोलर. मजुरांना चष्मे आणि हातमोजे द्याच, कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. काम मार्चपर्यंत उरका. दाबलेला थर आठवडाभर ओलसर ठेवा आणि तोवर ट्रक आत घेऊ नका.