लिव्हर हँडलबारला टेकतो तेव्हा : डोंगरउतारावरच्या सायकलस्वारांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पाच मित्र महिन्यातून एकदा शनिवार-रविवार डोंगरउतारावर सायकली घेऊन जातो. उतारात सलग सुमारे ४०० मीटर उंची उतरते. पहिली फेरी ठीक जाते. दुसऱ्या फेरीत निम्म्यावर आलो की पुढचा ब्रेक मऊ पडतो आणि लिव्हर पार हँडलबारला टेकतो. खाली येऊन तासभर थांबलं की पुन्हा पहिल्यासारखा. मेकॅनिकला त्यात काहीच बिघाड सापडत नाही.

गार ब्रेकमध्ये हा दोष दिसतच नाही, म्हणून त्याला तो सापडला नाही. तुमच्या ब्रेकमधलं ऑइल उकळतंय. द्रव दाबून लहान होत नाही, त्यामुळे बोटाचा जोर थेट पॅडपर्यंत, म्हणजे चाकाची चकती (रोटर) दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या तुकड्यांपर्यंत, पोहोचतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की बोट नुसते बुडबुडे दाबत राहतं आणि पॅड जागचा हलत नाही. गार झाल्यावर वाफेचा परत द्रव होतो आणि ब्रेक पूर्ववत होतो. लिव्हर कडक लागतो, जळका वास येतो, पण सायकल थांबत नाही, असं होत असेल तर ते दुखणं वेगळं. तिथे पॅड तापून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो.

उष्णता किती, तेही बघा. स्वार, सायकल आणि पाठीवरचं सामान मिळून ९५ किलो धरले, तर ४०० मीटर खाली येताना सुमारे ३७० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. माठातलं एक लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच लागते. काही भाग हवेच्या आणि टायरच्या रोधात जातो. उरलेली सगळी दोन रोटरमध्ये उतरते, आणि एका रोटरचं वजन पाव किलोसुद्धा नसतं.

हे दुखणं या खेळाइतकंच जुनं आहे. १९७६मध्ये कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळ जुन्या, जाड टायरच्या सायकलींच्या उताराच्या शर्यती सुरू झाल्या. उतारही तुमच्याएवढाच, सुमारे ४०० मीटरचा. त्या सायकलींना पॅडल उलट दाबलं की लागणारा, मागच्या हबमधला ब्रेक असे. एका फेरीत हबमधलं ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरून त्या वाटेचं नावच ‘रिपॅक’ पडलं.

आता उपाय. आधी ऑइल बदला. ते दोन प्रकारचं असतं, डॉट आणि मिनरल. तुमच्या ब्रेकला डॉट ऑइल लागत असेल तर ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ५.१चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २६० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर ही किमान मर्यादा १८० अंशांवर येते. वर्षातून एकदा ते पूर्ण काढून नवं भरावं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण पाणी आत शिरलंच तर ते खाली पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये, म्हणजे नेमकं सगळ्यात तापणाऱ्या जागी जमतं. कोणतं ऑइल चालतं ते लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसरं घालू नका. सील फुगतात आणि अख्खा ब्रेक जातो.

पुढचा रोटर १८० मिलिमीटरचा असेल तर २०० किंवा २०३चा लावा. त्याआधी पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला कमाल किती मोठा रोटर चालतो ते तपासा, आणि कॅलिपर बसवायचा अडॅप्टरही त्याच मापाचा घ्या. लांब उतारासाठी पॅड मेटॅलिक, म्हणजे सिंटर्ड घ्यावेत. ते जास्त उष्णता सोसतात. मात्र गार असताना थोडे कमी धरतात आणि आवाज जास्त करतात.

एवढं करूनही लिव्हर टेकला, तर दोष हाताच्या सवयीत आहे, आणि आमचा संशय पहिल्यापासून त्यावरच आहे. बहुतेक जण भीतीपोटी ब्रेक हलका दाबून सलग धरून ठेवतात. त्याने वेग फारसा कमी होत नाही आणि रोटरला गार व्हायला उसंत मिळत नाही. वळणाच्या आधी सरळ पट्ट्यात, सायकल झुकलेली नसताना, दोन्ही ब्रेक एक-दोन सेकंद जोरात लावा आणि वळणात शिरताना सोडून द्या. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे खरं थांबवण्याचं काम पुढचा ब्रेकच करतो. टाचा खाली आणि कंबर थोडी मागे ठेवली तर तोंडावर जाण्याची भीती बरीच कमी होते. मुळं आणि ओल्या दगडांवरून जाताना मात्र बोट सोडलेलंच बरं. तिथे ब्रेकने चाक जाम झालं की घसरतं.

प्रश्न : नवे पॅड टाकून थेट सहलीला गेलो. ब्रेक धरेना आणि दिवसभर किंचाळत होता. पॅड खराब निघाले का?

पॅड बसवले, पण बसू दिले नाहीत. पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर रोटरवर चढावा लागतो. तो चढेपर्यंत ब्रेक धरत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या आणि एका ब्रेकने चालण्याच्या वेगापर्यंत या. असं २० वेळा. मग जास्त वेगावरून १० वेळा. मध्ये पूर्ण थांबू नका आणि चाक अडकू देऊ नका, कारण पॅड रोटरवर दाबून थांबला की त्या ठिकाणी जास्त थर बसतो आणि पुढे ब्रेक धडधडतो. हीच कृती दुसऱ्या ब्रेकने. अर्ध्या तासाचं काम आहे. निघायच्या आदल्या दिवशी उरका.

हे करूनही किंचाळणं थांबलं नाही तर तेल लागलं आहे. चेनवर स्प्रे मारताना उडालेला तुषार हे त्याचं नेहमीचं कारण. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडक्याने पुसा. तेल मुरलेले पॅड बदलाच; तापवून, घासून ते काही वेळ सुधारतात आणि ऐन उतारावर पुन्हा दगा देतात. पॅडचं द्रव्य १ मिलिमीटरवर आलं तरी बदला. रोटरची किमान जाडी त्याच्यावरच कोरलेली असते.

गाडीतून नेताना चाक काढलं असेल तर कॅलिपरमध्ये प्लॅस्टिकची फट-पट्टी घाला. ती नसताना कुणी लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. तसं झालंच तर पॅड काढा आणि प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन हळूहळू, सरळ आत ढकला. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, पिस्टनचा कपचा उडतो.

प्रश्न : दहा मिनिटांच्या उतारात माझे हात भरून येतात, बोटं उघडत नाहीत. व्यायाम कमी पडतोय का?

थोडा पडत असेल, पण आधी लिव्हर तपासा. लिव्हर हँडलबारवर आत सरकवा, म्हणजे तर्जनीचं टोक त्याच्या वळलेल्या टोकाशी येईल. एका बोटाने ब्रेक लावायचा, उरलेली तीन बोटं आणि अंगठा मुठीला. लिव्हरचं हँडलबारपासूनचं अंतर ठरवणारा स्क्रू फिरवून लिव्हर इतका जवळ आणा की बोट ताणावं लागणार नाही. लिव्हर फार खाली झुकलेला असेल तर थोडा वर उचला. तीव्र उतारावर तुम्ही मागे सरकता, तेव्हा झुकलेल्या लिव्हरमुळे मनगट जास्त वाकतं आणि सगळा ताण कोपरापुढच्या हातावर येतो. क्लॅम्पचे बोल्ट इतपतच आवळा की पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरेल.

दुसरं कारण, ब्रेक सतत धरून ठेवणं. वरच्या पहिल्या उत्तरातलीच सवय इथेही नडते. तिसरं, फोर्कचा रिबाउंड, म्हणजे दबून परत वर येण्याचा वेग, फार संथ असणं. मुळांच्या ओळीवर फोर्क एका धक्क्यातून वर यायच्या आत दुसरा धक्का बसतो, तो खाली खाली दबत जातो आणि शेवटी दगडासारखा कडक होतो. तो मार हात खातात. रिबाउंडचा स्क्रू दोन क्लिक उघडा आणि तोच पट्टा पुन्हा उतरून बघा.

प्रश्न : माझी आणि मित्राची सायकल एकाच मॉडेलची. त्याची सस्पेन्शनची सेटिंग माझ्या सायकलला चालेल का?

वजन सारखं असेल तरच, आणि वजन म्हणजे हेल्मेट, गार्ड, पाणी भरलेली पिशवी यांसकट. हवेच्या आकड्याची नक्कल करण्यापेक्षा सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, मोजा. मित्राला हँडलबार धरायला सांगा, पूर्ण साहित्यानिशी पॅडलवर उतरायच्या पवित्र्यात उभे राहा, फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग सीलला टेकवा आणि धक्का न देता खाली उतरा. रिंग सीलपासून जेवढी लांब गेली तेवढा सॅग. फोर्कचा प्रवास १६० मिलिमीटर असेल तर सॅग २४ ते ३२ मिलिमीटर हवा. मागच्या शॉकला साधारण ३० टक्के. पण ते शॉकच्या दांड्याच्या चालीचे, चाकाच्या प्रवासाचे नव्हे. चाल ६० मिलिमीटर असेल तर १८. हवा भरताना दर ५० पीएसआयनंतर शॉक दहा वेळा दाबा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत दाब सारखा होईल. हे न करणारे शॉक बरोबर भरतात आणि पहिल्या फेरीत तो मऊ का झाला म्हणून बुचकळ्यात पडतात. पंप काढताना फुस्स होतं ती नळीतली हवा, घाबरू नका.

प्रश्न : ट्यूबलेस करूनही मागचा टायर रिमजवळ कापला जातो. दाब २० पीएसआय ठेवतो.

मागे २० कमी आहे. ७५ किलोच्या आसपासच्या स्वाराने २.४ इंची टायरमध्ये पुढे २३ आणि मागे २६पासून सुरुवात करावी, आणि दगडांवर रिम आपटल्याचा आवाज आला तर एकेक पीएसआय वाढवत जावं. एकाच गेजने मोजा. दोन गेजमध्ये सहज दोन-तीन पीएसआयचा फरक निघतो. तरीही कापत असेल तर टायरची भिंत पातळ आहे. मागे दुपदरी भिंतीचा टायर घ्या. जड असतो, पण ते वजन वाया जात नाही.

सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, २९ इंची टायरला १०० ते १२० मिलिलिटर लागतं आणि काही महिन्यांत वाळतं. व्हॉल्व्हचा आतला भाग (कोअर) काढून काडी आत घाला. कोरडी आली तर भरा. वाटेत भोक पडलं तर रबरी प्लग सुईने भोकात ढकला, दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहू द्या, सुई झटक्यात काढा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबा. शेवटचा उपाय म्हणून ट्यूब टाकताना आधी टायरच्या आतून हात फिरवून सगळे काटे काढा. सीलंटच्या जोरावर महिनोन्‌महिने बसलेले काटे ट्यूबला मिनिटभरही टिकू देत नाहीत.

प्रश्न : आमच्या आठ जणांत दोघे नवे, दोघे फार वेगवान. कुणीतरी मागे राहतं किंवा कुणाच्या तरी अंगावर जातं. क्रम कसा लावावा?

वेगवान पुढे, नवे मध्ये, आणि वाट माहीत असलेला एक अनुभवी शेवटी. शेवटच्याने कुणालाही ओलांडायचं नाही. तो आला म्हणजे सगळे आले. दोघांत निदान दहा सेकंदांचं अंतर, धूळ असेल तर अधिक. थांबण्याच्या जागा निघण्यापूर्वीच ठरवा, त्या दर तीन-चार मिनिटांवर आणि प्रत्येक फाट्यावर असाव्यात. थांबायचं ते वाटेबाहेर, वरून येणाऱ्याला दिसेल असं. वळणापलीकडे किंवा उडीच्या उतरणीत कधीही नाही.

पहिली फेरी सगळ्यांनी संथ करा, उड्या न मारता. मागच्या खेपेनंतर झाड पडलेलं असतं, पावसाने चर पडलेला असतो. समोरचं उतरणं दिसत नाही अशा उडीवर एकाला बाजूला उभं करा. तो हात वर करेल तेव्हाच पुढचा निघेल. पायी चालणारेही असतील अशा वाटेवर त्यांना आणि चढणाऱ्या सायकलींना आधी जाऊ द्या.

नव्यांना वेगवानांचा पाठलाग करू देऊ नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो. ‘माझ्या मागे ये’ म्हणून उडीवर नेणारा मित्र नकळत नव्याचा वेगही ठरवत असतो, आणि तो वेग त्याला पेलवेलच असं नाही. हात थकले की दिवस संपला, मग गाडीत जागा आणि अंधार पडायला वेळ कितीही असो.

सुटं सामान वाटून घेतलं तर चालतं : एक पंप, एक शॉक पंप, टी२५ (ताराकृती) किल्लीसह अॅलन कीचा संच, चेन तोडणी, झिप टाय. मात्र डिरेल्युअर हँगर (गिअर बदलणारा डिरेल्युअर ज्यावर बसतो तो तुकडा), ब्रेक पॅड आणि चेन जोडणारी क्विक लिंक ज्याची त्याने आणावी. या वस्तू सायकलीगणिक वेगळ्या असतात, आणि एका वाकलेल्या हँगरपायी आठही जणांची दुपार जाते.

प्रश्न : मित्र डोक्यावर पडला. दोन मिनिटांत उठला, ‘ठीक आहे’ म्हणाला आणि आणखी तीन फेऱ्या मारल्या. रात्री त्याला मळमळू लागलं. आम्ही काय करायला हवं होतं?

त्याची सायकल गाडीवर चढवायला हवी होती. मेंदूला धक्का बसल्याची लक्षणं कधी काही तासांनी दिसतात, आणि पडलेल्याला स्वतःचा अंदाज नीट घेता येत नाही. डोकं दुखणं, गरगरणं, उजेड न सोसणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी त्या दिवशी सायकल बंद, गाडी चालवणंही बंद, आणि डॉक्टरांकडे जायचं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके, हातापायातला जोर जाणं किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्यांचा आकार वेगवेगळा दिसणं, यांपैकी काही असेल तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. तुमच्या मित्राला अजून दाखवलं नसेल तर आज दाखवा.

पडल्याबरोबर एकाने वर पळत जाऊन वाट अडवायची, म्हणजे मागचा येऊन धडकणार नाही. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर त्याला हलवू नका आणि हेल्मेट ओढून काढू नका; श्वास अडत असेल तरच, एकाने मान स्थिर धरून, दुसऱ्याने काढावं. एक जण जखमीजवळ, दुसरा मदत आणायला, म्हणून तिघांपेक्षा कमी जणांनी आडवाटेला जाऊच नये.

आणि ते हेल्मेट पुन्हा वापरू नका. आतला फोम एकदाच दबण्यासाठी केलेला असतो. बाहेरून तडा दिसला नाही तरी तो आत चेपलेला असू शकतो. टाकण्यापूर्वी पट्टे कापा, म्हणजे दुसरं कुणी ते उचलून घालणार नाही.